ॲसिडच्या बाटलीवर बसणारा पंप: दीड वर्ष वापरल्यावर

पहिल्या दिवशी बाटलीवर तो बसवला, दट्ट्या तीनदा वर ओढून खाली दाबला, आणि तिन्ही वेळा नळीतून नुसती हवा आली. चौथ्या वेळी थुंकल्यासारखं दोन थेंब. माझ्या शेजारी उभे असलेले सर म्हणाले, "मॅडम, परत पाठवा हे." पाठवला नाही, कारण चूक पंपाची नव्हती, माझी होती. पाणी ओढावं तसं मी सल्फ्युरिक ओढत होते. 98 टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या जवळजवळ पंचवीसपट चिकट असतं, काकवीसारखं सावकाश चढतं. दट्ट्या झटक्यात वर नेला की खाली पोकळी होते आणि तिच्यात हवेचे बुडबुडे शिरतात. हळू ओढा, वर गेल्यावर दोन सेकंद थांबा, मग दाबा, हे हाताला कळायला आठवडा गेला.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, बावीस वर्षं. वर्गात शिकवत नाही. वर्गात जे वापरलं जातं ते बनवते. एक नॉर्मल, दोन नॉर्मल, सहा नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावणात ॲसिड किती याचं माप), विरल म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं, मध्यम, सगळ्या बाटल्यांवरचं अक्षर माझं. त्यामुळे हा रिव्ह्यू लिहिताना पंप चकचकीत दिसतो की नाही यापेक्षा मला बोलायचंय ते संहत, म्हणजे पातळ न केलेलं, ॲसिड बाटलीतून बाहेर येतं त्या क्षणाबद्दल, आणि त्याच्या पुढच्या क्षणाबद्दल. पंप पहिल्याचा बंदोबस्त करतो. दुसऱ्याचा करत नाही, उलट थोडा बिघडवतो. तिथे येतेच.

घेतलं काय ते आधी सांगते. बाटलीच्या तोंडावर स्क्रूने बसणारा डिस्पेन्सर, 5 ते 50 मिलीलिटरचा. आत काचेचं नळकांडं, त्यात पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) दट्ट्या, खाली बाटलीच्या तळापर्यंत जाणारी नळी, बाजूला आकड्यांची पट्टी आणि समोर चोच. सोबत "सुरक्षा संच" म्हणून एक चष्मा, हातमोज्यांची खोकी आणि सोड्याची पिशवी आली. संचाबद्दल शेवटी बोलेन, कारण त्याच्यावर मी चिडलेली आहे आणि आधी चिडले तर पंपावर अन्याय होईल.

पंप येण्याआधी काय होतं? अडीच लिटरची काचेची बाटली. सल्फ्युरिकची घनता 1.84, म्हणजे नुसतं ॲसिडच साडेचार किलोच्या वर, वर काचेचं वजन. ती दोन्ही हातांनी उचलायची, तिरकी करायची आणि अरुंद तोंडाच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये 27 मिली ओतायचं. भरलेली बाटली ओतताना मध्येच आत हवा घेते, गटकन आवाज होतो, आणि त्या गटक्याबरोबर एकदम जास्त धार येते. ओतून झालं की एक ओघळ बाटलीच्या अंगावरून खाली जातो. तो ओघळ दिसत नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बाटली उचलतं तेव्हा हाताला कळतो. आमच्या टेबलावर सल्फ्युरिकच्या बाटलीखाली एक काळपट गोल होता, इतक्या वर्षांत कुणी पुसू शकलं नाही. माझ्या सुती ॲप्रनना भोकं पडत, तीही लगेच नाही. वापरताना ॲप्रन धड, धुऊन वाळत घातला की चाळणी. सल्फ्युरिकची ही खोड आहे, शिंतोडा उडाल्याचं ते तुम्हाला नंतर कळवतं.

हे सगळं पंपाने बंद केलं. अगदी खरं सांगते, पूर्ण बंद. दीड वर्षात नवा ॲप्रन शाबूत आहे. बाटली जागची हलत नाही, ट्रेमध्ये बसलेली असते. पट्टीवर 27 लावायचं, चोचीखाली भांडं धरायचं, ओढायचं, दाबायचं. सिलिंडर धुण्याचं कामही गेलं, आणि सिलिंडरच्या तळाशी उरलेल्या ॲसिडवर नळाचं पाणी सोडण्याचा मूर्खपणाही.

अचूकतेबद्दल माहितीपत्रकात फार लिहिलेलं असतं. मी तपासली, सवय म्हणून. 10 मिलीवर लावून पाणी दहा वेळा वजनकाट्यावरच्या बीकरमध्ये सोडलं. 25 अंशाला 10 मिली पाण्याचं वजन 9.97 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. माझे आकडे 9.92 ते 10.01 मध्ये आले, पहिला सोडून. पहिला दाब नेहमी कमी भरतो, तो वेगळ्या भांड्यात काढायचा. एवढी अचूकता चांगलीच आहे, पण खरं तर मला ती नको आहे. सल्फ्युरिक ॲसिड मोजून विरल केलं म्हणून कुणी त्याची नॉर्मलता खरी धरत नाही. बाटलीवर 98 टक्के लिहिलेलं असलं तरी आतलं ॲसिड हवेतली ओल पीत असतं. शेवटी ते निर्जल सोडियम कार्बोनेटशी, मिथाइल ऑरेंज टाकून, टायट्रेट करूनच, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेट या खुणांच्या नळीतून किती लागलं ते मोजूनच, आकडा लिहायचा. तेव्हा 27 च्या जागी 27.2 आले काय आणि 26.9 आले काय, फरक ब्युरेटवर निघतो. पंप घ्यायचा तो मोजण्यासाठी नाही, न ओतण्यासाठी.

ओल पिण्यावरून आठवलं. पंप बाटलीवर कायमचा ठेवायचा असेल तर हवा आत घेण्याच्या भोकाला शोषक भरलेली छोटी नळी बसवायची सोय हवीच. आमच्या पंपाला भोक होतं, नळी नव्हती, ती वेगळी मागवावी लागली. दट्ट्या ओढला की जेवढं ॲसिड बाहेर तेवढी हवा आत, हे लक्षात घेतलं तर वर्षभरात बाटलीत किती दमट हवा गेली याचा हिशेब कुणीही करील.

आता तो दुसरा क्षण.

पंप आल्यानंतर चौथ्या महिन्यात आमच्याकडे नवा मुलगा लागला. हुशार, हाताला स्थिर. त्याला मी अर्धा लिटर एक मोलर सल्फ्युरिक (सल्फ्युरिकचं एक मोलर म्हणजे दोन नॉर्मल) करायला सांगितलं. 27 मिली ॲसिड, बाकी पाणी. मी पलीकडच्या टेबलावर ब्युरेट लावत होते. तडतड असा आवाज आला, कढईत ओला चमचा घातल्यासारखा, आणि त्याचा "अरे!" आला. वळून पाहिलं तर तो दोन पावलं मागे, हातात वॉश बॉटल, समोर फ्लास्क आणि फ्लास्कच्या तोंडातून वाफ. चष्म्याच्या काचेवर चार ठिपके. गालावर एक. नळ तीन पावलांवर होता. त्याला ओढतच नेला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं गाल धुवायला लावला. डाग राहिला नाही.

त्याने काय केलं होतं? कोरडा फ्लास्क चोचीखाली धरला, अगदी बरोबर 27 मिली घेतले आणि मग त्यावर पाणी सोडलं.

मी त्याला रागावले, पण रात्री विचार करताना माझं मलाच कळलं की सिलिंडरच्या काळात ही चूक कुणाकडून क्वचितच झाली असती. तेव्हा ॲसिड आधी सिलिंडरमध्ये यायचं. म्हणजे ते ओतायला दुसरं भांडं लागायचं आणि त्या भांड्यात पाणी भरून तयार ठेवायची रीत होती. दोन भांडी होती म्हणून क्रम आपोआप पाळला जायचा. पंपाने मधलं भांडं काढून टाकलं. मोजलेलं ॲसिड थेट पाहिजे त्या भांड्यात पडतं, आणि भांडं रिकामं असणं सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण माप बरोबर दिसतं. यंत्र जितकं सोपं तितका हा मोह मोठा. माहितीपत्रकाच्या सोळा पानांत अचूकतेचे तक्ते आहेत, पण "चोचीखाली आधी पाणी ठेवा" एवढं वाक्य नाही. माझी या वस्तूवरची सगळ्यात मोठी तक्रार हीच.

आम्लात पाणी नाही, पाण्यात आम्ल, हे शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं. त्या मुलालाही होतं. विचारल्यावर घडाघडा म्हणून दाखवलं. पण का, हे त्याला सांगता आलं नाही, आणि ज्याला का माहीत नाही त्याचा नियम गडबडीत गळतो. सल्फ्युरिक पाण्यात मिसळताना भयंकर उष्णता सुटते, हे एक कारण. पण तेवढीच उष्णता उलट्या क्रमानेही सुटते ना? फरक वजनात आहे. पाणी हलकं. ॲसिडवर पाणी सोडलं की ते बुडत नाही, वर थर धरून बसतं, आणि जिथे दोघं भेटतात त्या पातळ पट्ट्यातच सगळी उष्णता साठते. पाणी शंभर अंशाला उकळतं, संहत सल्फ्युरिकला उकळायला तीनशेच्या वर लागतात. म्हणजे वरचं पाणी क्षणात वाफ होतं आणि वर उडताना खालचं ॲसिड सोबत घेऊन येतं. तोच तो तडतड आवाज. ॲसिड पाण्यात सोडलं तर ते खाली जात जात मिसळतं, चहूबाजूंनी पाणी असतं, उष्णता वाटली जाते. आणि समजा उडालंच, तर उडतं ते बहुतेक पाणी.

यातही एक खोच आहे, जी मला पंपामुळेच कळली. पंपाची धार सिलिंडरच्या धारेपेक्षा गुळगुळीत असते. चोच बीकरच्या भिंतीला टेकवून पूर्ण 27 मिली एका दाबात सोडले की ॲसिड भिंतीवरून घसरत सरळ तळाशी जातं आणि तिथे पडून राहतं. काचेतून नीट पाहिलं तर तळाशी थरथरणारी, तेलकट दिसणारी पातळी दिसते. वर पाणी गार, तळ गरम. मग कुणीतरी काचेची कांडी घालून एकदम ढवळतं आणि सगळी उष्णता एकाच वेळी बाहेर येते. क्रम बरोबर असूनही दणका बसतो. म्हणून आमच्याकडे आता बीकर मॅग्नेटिक स्टररवरच (खालून चुंबकाने आतली गोळी फिरवून ढवळणारं यंत्र) असतो, पीटीएफईचं कवच असलेली गोळी आधी फिरती, मग पंपाला हात. ढवळणं नंतर करायची गोष्ट नाही.

उष्णतेचे माझे आकडे सांगते, कारण "खूप गरम होतं" याचा काही उपयोग नसतो. एक नॉर्मल, म्हणजे लिटरला 27 मिली: तापमान आठ-नऊ अंशांनी वाढतं. हाताला कोमट. एक मोलरला याच्या दुप्पट. सहा नॉर्मलला लिटरमागे 163 मिली लागतात, आणि तिथे मामला बदलतो. एकदा घाईत, बर्फ न ठेवता केलं होतं तर थर्मामीटर 27 वरून सत्तरच्या पुढे गेला. आता ते बर्फाच्या टबात ठेवून करते, पंपावर 20 लावून, एक दाब मारून थर्मामीटर चाळीसच्या खाली येईपर्यंत दुसरा मारत नाही. पाऊण तास जातो. एकास एक, म्हणजे निम्मं पाणी निम्मं ॲसिड, हे मिश्रण थंड केल्याशिवाय सहज शंभरच्या पुढे जातं. ते मी पंपाने करतच नाही. पंप हातात असला की दट्ट्या पटापट मारायची हौस येते, आणि तिथे हौस नको.

भांडं बोरोसिलिकेट काचेचं, पातळ भिंतीचं, बीकर किंवा शंकूपात्र. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये थेट कधीच नाही. एक तर त्याच्या मानेत वाफ कोंडते, दुसरं म्हणजे त्यावरची खूण 20 अंशासाठी असते, गरम द्रव त्या खुणेपर्यंत भरून गार झाल्यावर कमी भरतो. बीकरमध्ये विरल करायचं, गार होऊ द्यायचं, मग फ्लास्कमध्ये घालून खुणेपर्यंत. जाड काचेची सिलिंडर आणि साध्या काचेच्या बाटल्या तर गरमीने तळातून गोल चकती निघाल्यासारख्या तडकतात. बावीस वर्षांत मी दोन पाहिल्या आहेत.

पंपाची उंची हीही एक भानगड. अडीच लिटरच्या बाटलीवर बसवल्यावर चोच टेबलापासून हातभर उंच येते. खाली बीकर ठेवला तर ॲसिड उंचावरून पाण्यात पडतं आणि शिंतोडे येतात. आम्ही स्टररखाली लाकडी पाट ठेवून बीकर वर घेतला. चोचीला लावायची लवचीक नळी वेगळी मिळते असं ऐकलं, पण ॲसिडने भरलेली लवचीक नळी टेबलावर हलताना पाहायची माझी इच्छा नाही. शिवाय डोक्यावर पंप असलेली बाटली वरून जड होते, त्यातून ॲसिड निम्म्यावर आलं की जास्तच. पंपाला धरून बाटली उचलू नये हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलंय. ते बरोबर लिहिलंय.

टोपण हा या वस्तूचा कच्चा भाग. चोचीला पुढे एक छोटं टोपण आहे, पट्टीने लटकलेलं. काम झालं की चोचीत उरलेला एक थेंब या टोपणात उतरतो. पुढच्या वेळी टोपण काढलं की तो थेंब बोटावर येतो, हमखास. टिश्यूने पुसायला गेले तर टिश्यू काळा पडून भोक. आता टोपण काढताना खाली पाण्याचं वाडगं धरते. दीड वर्षात टोपणाची पट्टी तुटली, ते सुटं झालं. ज्याने हे टोपण आखलं त्याने स्वतः एकदा मोजे न घालता वापरून पाहावं.

धुणं. हे कुणी सांगत नाही आणि इथेच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पंप रिकामा केला तरी नळकांड्यात, नळीत, झडपेत थोडं संहत ॲसिड चिकटून राहतंच. आणि धुवायचं म्हणजे त्यावर पाणी ओढायचं. म्हणजे बरोबर उलटा क्रम, आणि तोही बंद नळीत. पहिल्या वेळी धुतलं तेव्हा नळकांडं हाताला गरम लागलं. आता पद्धत अशी: आधी दट्ट्या चार-पाच वेळा मारून जेवढं निघेल तेवढं ॲसिड परत बाटलीतच, मग खालची नळी काढून मोठ्या बीकरभर पाण्यात हळूच बुडवायची, पंप पाण्याने भरलेल्या बाटलीवर बसवून पहिले काही दाब अगदी थोडे, दोन-तीन मिलीचे, चोच पाण्याने भरलेल्या बीकरकडे. चष्मा आणि समोर काच. त्यानंतर भरपूर पाणी. तीन महिन्यांतून एकदा.

हे सगळं सल्फ्युरिकबद्दल. हायड्रोक्लोरिकसाठी असाच दुसरा पंप वापरून पाहिला आणि पस्तावले. 37 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक विरल करताना सल्फ्युरिकसारखं तापत नाही, त्याचा त्रास धुराचा. त्याचा वायू पंपाच्या आत शिरत राहतो. चार महिन्यांत दट्ट्या घट्ट झाला, वरच्या भागातला धातूचा स्क्रू गंजला, आणि पंप कपाटात ठेवला तर शेजारची चिमटीही गंजली. ते काम मी परत फ्यूम हूडमध्ये (धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटात) सिलिंडरने करते आणि त्यात काही कमीपणा मानत नाही. नायट्रिक ॲसिडला तर विचारही करू नका, निदान या पंपाने. सोबत आलेले बाटलीच्या तोंडाचे अडॅप्टर पॉलिप्रॉपिलीनचे आहेत, संहत नायट्रिक ते हळूहळू ठिसूळ करतं. आणि हायड्रोफ्लोरिक काच खातं, पंपाचं नळकांडं काचेचं, एवढं पुरे. ते ॲसिड आमच्याकडे येत नाही आणि येऊ नये.

जाता जाता, "स्ट्राँग ॲसिडसाठी उपयुक्त" असं खोक्यावर छापलंय, त्याचीही गंमत. तीव्र आणि संहत यांत फरक असतो. ग्लेशियल ॲसिटिक हे सौम्य आम्ल, पण संहत असल्याने कातडी भाजतंच. दशांश नॉर्मल हायड्रोक्लोरिक हे तीव्र आम्ल, पण विरल. धोका कशाचा ते खोक्यावर लिहिणाऱ्याला ठरवता आलेलं नाही. ॲसिटिकबद्दल एक चांगलं: त्याला हा पंप उत्तम चालतो, फक्त थंडीत नाही. 16.6 अंशाखाली ग्लेशियल ॲसिटिक गोठतं, आणि गोठलेलं असताना दट्ट्या ओढला तर तुटेल दट्ट्याच.

आता संच.

हातमोजे: पातळ नायट्रिल, दवाखान्यात वापरतात तसले. मी एका मोज्याचं बोट कापून काचेच्या ताटलीत ठेवलं आणि वर संहत सल्फ्युरिकचा थेंब टाकला. काही मिनिटांतच त्याचा रंग बदलला आणि ते सुरकुतलं. शिंतोड्यासाठी, म्हणजे उडालं की लगेच काढून फेकायचे या हिशेबाने ठीक, पण खोक्यावर "आम्लरोधक" लिहिणं म्हणजे कमाल आहे. मोजे घेताना ईएन आयएसओ 374-1 हा शिक्का आणि त्याखालची अक्षरं बघा. एल म्हणजे 96 टक्के सल्फ्युरिकसाठी तपासलेला, एम म्हणजे 65 टक्के नायट्रिकसाठी. या खोक्यावर मानकाचा आकडा होता, एल नव्हता. आम्ही कोपरापर्यंतचे निओप्रिनचे घेतले. जाड आहेत, बोटांना पट्टीवरचा खटका नीट कळत नाही, सवय होते.

चष्मा: दिसायला गॉगल, पण हवा खेळावी म्हणून वर सरळ आरपार भोकं. सरळ भोकातून हवा येते तसं ॲसिडही येतं. द्रवाच्या शिंतोड्यांसाठीच्या गॉगलची भोकं आडवळणाची असतात आणि युरोपीय मानकाच्या फ्रेमवर 3 हा आकडा असतो. त्या मुलाच्या डोळ्यांवर त्या दिवशी आमचा जुना गॉगल होता, संचातला नव्हता. हा योगायोग मी पुन्हा तपासून पाहणार नाही.

सोड्याची पिशवी: अर्धा किलो सोडियम बायकार्बोनेट. कल्पना बरोबर, माप अपुरं. हिशेब सोपा आहे. 100 मिली संहत सल्फ्युरिक सांडलं तर ते पूर्ण मारायला साधारण 310 ग्रॅम बायकार्बोनेट लागतं आणि नव्वद लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे ही पिशवी दीडशे मिलीच्या थोडी पुढे जाते, आणि समोर बाटली अडीच लिटरची. आम्ही कोपऱ्यात बादलीभर सोडा आणि बादलीभर कोरडी वाळू ठेवली. सोडा कडेने आत टाकत यायचा, मधोमध ढीग नाही, नाहीतर फेसाबरोबर ॲसिडच पसरतं. लाकडाचा भुसा अजिबात नाही. संचाच्या कागदावर चक्क "सोडा अंगावर टाकावा" असं लिहिलेलं होतं, तो कागद मी फाडला. अंगावर पाणी, फक्त पाणी, वाहतं, भरपूर, लगेच, आणि भिजलेले कपडे त्याच वेळी काढायचे. "सल्फ्युरिकवर पाणी टाकलं की तापतं" म्हणून पुसत बसणारे लोक मी पाहिलेत. वाटीभर पाणी तापतं. नळाची धार ती उष्णताही वाहून नेते.

तर गुण: पंपाला, फक्त सल्फ्युरिक आणि ॲसिटिकसाठी, पाचांतले चार. संचाला एक, तो बादलीची आठवण करून दिली म्हणून. ज्यांच्याकडे महिन्यातून एकदाच ॲसिड लागतं त्यांनी घेऊ नये. न वापरता पडून राहिलेला पंप अडकतो, आणि अडकलेला पंप जोराने ओढण्यासारखं वाईट काम नाही. रोज लागत असेल तर जरूर.

आमच्या पंपावर आता चोचीच्या बरोबर वर एक पांढरी पट्टी चिकटवली आहे, काळ्या मार्करने लिहिलंय: "खाली पाणी आहे का?" अक्षर माझं नाही, त्या मुलाचं आहे. ॲसिडच्या वाफेने नाही, पण हात लागून लागून ते पुसट होतं, तो दर महिन्याला पुन्हा गिरवतो. टोपण नवं मागवलं आहे. अजून आलेलं नाही.